स्कोपवर बबल लेव्हल लावली, तरी ५० मीटरवर छर्रे उजवीकडेच! काय चुकतंय?

संत्रावाला
रविवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी. मी वरुड तालुक्यातला. बागेमागं नाल्याच्या काठी पडीत तुकडा आहे, शेततळं खोदलं तेव्हाची माती तिथं दीड माणूस उंच रचलेली आहे. त्या ढिगाऱ्यासमोर कागद लावून सुट्टीच्या दिवशी एअर रायफल मारतो. ०.१७७ इंची, नळी मोडून भरायची, कमानीवाली (स्प्रिंगची). वर ३-९ बाय ४० चा मिलडॉटवाला स्कोप, म्हणजे क्रॉसवर नेमासाठी ठिपके (डॉट) असलेली दुर्बीण. शिकार वगैरे काही नाही. कागद, आणि कधीमधी बाटल्यांची बुचं.

अडचण अशी आहे. २५ मीटरवर झिरो केलाय (क्रॉस जिथं, छर्रा तिथं असं जुळवलंय), तिथं छर्रे एकावर एक बसतात. ४० वर किंचित उजवीकडे. ५० वर सव्वा-दीड सेंटीमीटर उजवीकडे. ५० साठी खालचा डॉट धरतो, उंची बरोब्बर येते, पण आडवं सरकलेलं असतं. एकदोनदा नाही, वीस-वीस छर्ऱ्यांचे पाच कागद झाले.

आणि हे सगळं बबल लेव्हल (बंदूक कलली की कळावं म्हणून स्कोपवर आवळायचं बुडबुड्याचं कडं) लावल्यापासून सुरू झालं! आधी ५० वर ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) आमटीच्या वाटीएवढा पसरायचा, पण वाटी मधोमध असायची. आता ग्रुप लिंबाएवढा झालाय, पण लिंबूच उजवीकडं. आता हसावं का रडावं? लेव्हल काढून फेकू का?


धुऱ्यावरचा
रविवार, रात्री ९.३२

भाऊ, वारा पाह्यला काय? पन्नास मीटरवर छर्रा म्हंजे कापसाचा पेळू. वारा जिकडं नेईन तिकडं जाईन. चारशे-पाचशेची लेव्हल लावून वारा थांबत नाही.

गालाले जेमतेम लागते अशी झुळूक, सेकंदाले दोन मीटरची, आडवी आली तं ५० मीटरवर छर्रा सहा-सात सेंटीमीटर सरकते. तुमचं दीड सेंटीमीटर त्यात कुठं लागलं? पहिले वारा शिका, मंग बुडबुडा.


संत्रावाला
रविवार, रात्री ९.४०

भाऊ, वाऱ्याचा संशय मलाही आला होता. म्हणून सकाळी सहाला जाऊन मारलं. तुरीचं पान हलत नव्हतं. तरी तेच. आणि वारा असता तर कधी डावीकडेही गेला असता ना? हा छर्रा उजवीकडंच जातो, नेमानं.


धुऱ्यावरचा
रविवार, रात्री ९.४४

मंग बंदुकीची नळी वाकडी असन.

(गंमत केली, राग धरजा नोका.)


रेंजवरची
रविवार, रात्री १०.२५

मी अमरावतीला जिल्हा पातळीवर १० मीटर एअर रायफल खेळले आहे, आता मुलांना शिकवते. संत्रावाले दादा, तुमच्या तक्रारीतच उत्तर आहे. ग्रुप लहान झाला आणि सरकला, याचा अर्थ लेव्हल अर्धं काम चोख करतेय. आधी बंदूक प्रत्येक वेळी वेगळी कलत होती, कधी डावी, कधी उजवी, म्हणून वाटी पसरलेली पण मधोमध. आता ती प्रत्येक वेळी सारखीच कलतेय. म्हणजे बुडबुडा मध्ये असताना तुमची बंदूक सरळ नाही.

आकडे मांडून बघू. साधारण २४० मीटर प्रति सेकंदाने सुटलेल्या छर्ऱ्याला ५० मीटर जायला जवळपास पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो नळीच्या रेषेपासून २८ सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर असावं लागतं. बंदूक सरळ धरली तर ते तोंड सरळ वर असतं. उजवीकडे कलली की त्या ‘वर’मधला थोडा भाग ‘उजवीकडे’ होतो. छर्रा पडतो मात्र सरळ खालीच.

किती सरकेल? पडण्याचं अंतर गुणिले कलाच्या कोनाची साइन. १ अंशाला २८ सेंटीमीटरचे ५ मिलिमीटर होतात. ५ अंशांना २.४ सेंटीमीटर. उंचीत मात्र ५ अंशांना जेमतेम १ मिलिमीटर कमी होतो. म्हणूनच तुमची उंची ‘बरोब्बर’ येते आणि आडवंच बिघडतं. कलाची खूण हीच. झिरो बिघडला असता तर २५ वरही दिसलं असतं.

आता म्हणाल, २.४ का नाही, दीडच का? कारण २५ वर झिरो करताना तुम्ही नकळत कल झाकलात. २५ मीटरवर छर्रा ६ सेंटीमीटर पडतो, ५ अंशांनी तो ५ मिलिमीटर उजवीकडे गेला असणार आणि तुम्ही विंडेजचे (डावी-उजवीच्या नॉबचे) दोन-तीन क्लिक फिरवून तो आणला मध्ये. ती दुरुस्ती अंतराच्या प्रमाणात वाढते, ५० वर ती १ सेंटीमीटर होते. पण पडण्याचं अंतर दुप्पट होत नाही, चौपटीच्याही पुढे जातं. २.४ वजा १, उरले १.४. तुमच्या कागदावर तेच आहे ना? ४० ला असंच केलं तर ७ मिलिमीटर येतात.

माझा अंदाज, बुडबुडा मध्ये असताना तुमचा स्कोप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चार-पाच अंश फिरलेला आहे.


संत्रावाला
रविवार, रात्री १०.३१

ताई, हात जोडले. ४० चा कागद आत्ता टेप घेऊन मोजला. ७-८ मिलिमीटरच आहे. अंगावर काटा आला.


पऱ्हाटीवाला
रविवार, रात्री १०.५०

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्याकडं रानडुकरं आणि रोही यांनी सोयाबीन झोपवून टाकलं. अशा एअरगनला लेव्हल-बिव्हल लावून रात्री मचाणावरून डुकराला पळवता येईल का? मारायचं नाही, नुसतं डिवचायचं.


निवृत्त_पीटी_सर
सोमवार, सकाळी ६.०५

पऱ्हाटीवाले, नाही. तुमचं दुःख कळतं, आमच्याही धुऱ्याला तोच त्रास आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुमच्याच बांधावर येतं. पीक नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे अर्ज करा. त्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

आणि सगळ्यांसाठीच: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ पेक्षा मोठ्या कॅलिबरच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकदीच्या एअरगनला परवाना लागतो. बिनपरवान्याची आहे म्हणजे खेळणं आहे, असं नाही. छर्रा डोळा घेतो. मागे मातीचा ढिगारा हवाच. संत्रावाल्यांनी तो ठेवलाय, हे वाचून बरं वाटलं.

आता मूळ विषय. एनसीसीत मुलांना .२२ वर २५ मीटरचं फायरिंग देताना मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहिली. मूल बंदूक सरळ धरल्यासारखं धरतं आणि मागून पाहिलं तर ती कललेली असते. त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की सरळ आहे. माणूस ‘सरळ’ हे आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवतो. टार्गेटची फळी वाकडी ठोकलेली असेल तर तो क्रॉस त्या फळीला समांतर करतो. चिखलदऱ्याच्या उतारावर उभं राहिलात तर समोरचा उतारच नजरेला आडवी रेषा वाटू लागतो. त्यातून स्कोपमधून बघताना बाकी जग बंद. गोलात एक क्रॉस आणि एक कागद, बस. तिथे दोन-तीन अंशांचा कल डोळ्याला कळत नाही.

एका वर्षी आमच्या शाळेत टार्गेटच्या फळ्या सुतारानं घाईत ठोकल्या होत्या. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. पोरांचे ग्रुपही एकाच बाजूला. मी दोन दिवस पोरांना रागावत होतो.


धुऱ्यावरचा
सोमवार, सकाळी ८.१५

सर, तुमी मास्तर, तुमच्याशी कोन वाद घालते! पण एक सांगा. ऑलिंपिकवाले लावतात काय बुडबुडा? आपला स्वप्नील कुसाळे पॅरिसले मेडल घेऊन आला, त्याच्या बंदुकीवर तं स्कोपच नव्हता.


रेंजवरची
सोमवार, दुपारी १.४०

बरोबर आहे, स्कोप नव्हताच. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. तिथे आणि १० मीटरला दुर्बीण चालत नाही, मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे रिंग असते. काही नेमबाज पुढच्या साइटच्या नळकांड्यात चिमुकला बुडबुडा बसवतात.

पण तिथला हिशोब निराळा आहे. अंतर ठरलेलं. अंतर एकच असेल तर बंदूक कललेली चालते, फक्त कल दरवेळी तोच हवा. उभं राहून मारताना मान वाकवण्यापेक्षा बंदूकच डोक्याकडे थोडी कलवणारे कितीतरी खेळाडू आहेत. साइट त्या कलाला धरून झिरो केली की संपलं. भानगड होते कल बदलला की. १० मीटरला छर्रा १७० च्या वेगाने जातो आणि १.८ सेंटीमीटर पडतो. ५ अंशांचा फरक पडला तर दीड मिलिमीटरहून जास्त सरकतो. तुम्ही म्हणाल दीड मिलिमीटर म्हणजे काय, साखरेच्या दाण्याएवढं. पण तिथल्या १० च्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आणि दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर. अर्ध्याहून जास्त गुण गेला. फायनलमध्ये अर्ध्या गुणावर माणूस घरी जातो.

दादांचं अंतर बदलतं: २५, ४०, ५०. त्यांना ‘तोच कल’ पुरणार नाही, कल शून्यच हवा. वाऱ्याचं तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. दुपारच्या वाऱ्यात ५० मीटरवर लेव्हलचा फायदा शोधणं म्हणजे बैलपोळ्याच्या गर्दीत बैलाच्या पाठीवरची माशी शोधणं.


धुऱ्यावरचा
सोमवार, दुपारी १.५२

बस ताई, एवढं कबूल केलं तं आपलं भांडण मिटलं.


मिस्त्री_परतवाडा
सोमवार, रात्री ८.२०

नमस्कार. मी बंदूकवाला नाही. परतवाड्याले मिस्त्रीकाम करतो, तीस वर्सं झाले. पोट्ट्यानं हे वाचून दाखवलं म्हणून लिहून रायलो. म्हंजे पोट्टं टाइप करते, मी सांगतो.

तुमी सगळे बुडबुड्यावर बोलून रायले. पण थो बुडबुडा कशाच्या आधारानं बसवला, हे कोनं इचारलंच नाही. संत्रावाले भाऊ, थे कडं स्कोपवर आवळलं तवा बंदूक सरळ हाय हे कशावरून ठरवलं?

दुसरं, पाणसळ खोटी बी असते. बाजारातून आनली की पहिले तपासा लागते. एका जागी ठेवा, बुडबुडा कोनत्या बाजूले हाय ते पाहा. मंग तिचं डावं टोक उजवीकडं करून त्याच जागेवर ठेवा. बुडबुडा आधी भिंतीकडं होता आन आताही भिंतीकडंच रायला तं जागा तिरपी. बुडबुडा पाणसळीसंगं फिरून दुसरीकडं गेला तं पाणसळ खोटी. नवीन कारागिराले मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, बाकी सिमेंट कालवणं थो मंग शिकते.


संत्रावाला
सोमवार, रात्री ९.०५

मिस्त्री काका, खरं सांगतो, हसू नका. स्कोपच्या वरच्या नॉबची टोपी सपाट आहे. तिच्यावर मोबाईल उताणा, आडवा ठेवला, त्यातल्या लेव्हलच्या ॲपमध्ये शून्य अंश आणले आणि तेव्हाच बबलचं कडं फिरवून बुडबुडा मध्ये घेतला, आवळलं. ॲप बरोबर आहे. टेबलावर ठेवलं की शून्यच दाखवतं.


मिस्त्री_परतवाडा
सोमवार, रात्री ९.१८

मोबाईलले मागून कॅमेरा हाय ना? थो फुगीर हाय का सपाट?


संत्रावाला
सोमवार, रात्री ९.२१

…

फुगीर आहे. वरून कव्हर, त्याची कड अजून वर.


धुऱ्यावरचा
सोमवार, रात्री ९.२२

बाप्पा बाप्पा बाप्पा 😂


रेंजवरची
सोमवार, रात्री ९.४०

टोपीची रुंदी किती? साधारण २५ मिलिमीटर असते. मोबाईलची एक बाजू टोपीच्या काठावर आणि दुसरी बाजू कॅमेऱ्याच्या २ मिलिमीटर उंच कडेवर टेकली असेल, तर २ भागिले २५. साडेचार अंशांच्या जरा वर येतं. टेबलावर ॲप शून्य दाखवतं, कारण अख्खा मोबाईल लांब आहे. तिथे तीच २ मिलिमीटरची कड दीडशे मिलिमीटरवर पसरते आणि कल अंशाच्याही आत राहतो.

काका, तुम्ही बंदूक हातात न घेता बंदूक दुरुस्त केलीत.


मिस्त्री_परतवाडा
सोमवार, रात्री ९.५१

अजून नाही झाली दुरुस्त. ओळंबा लावा. पंचवीस मीटरवर ढिगाऱ्यासमोर दोन बांबू, वर आडवी काठी, तिले ओळंबा. दोरी पांढरी जाड घ्या, नाहीतं दुरून दिसत नाही. आन ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडाले टेकू देजा नोका. पाण्यात झोके लवकर थांबतात. आमी उंच कॉलमले असंच करतो, वारा असला की.

मंग तुमच्या दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीवर ठेवा. रेघ आन दोरी एक झाली, तवा बुडबुडा मधात घ्या आन आवळा.


इंजिनिअर_नागपूर
मंगळवार, सकाळी ११.१५

काकांच्या पद्धतीला शंभर मार्क. थोडी भर घालतो.

१) आवळताना कडं हमखास फिरतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून, पाव-पाव फेरा. आणि जीव खाऊन आवळू नका, स्कोपची नळी ॲल्युमिनियमची पातळ असते, दबते. नळी १ इंची की ३० मिलिमीटरची, त्याप्रमाणे कडं असतं. १ इंचीवर ३० चं कडं लावून खाली कागद कोंबणारे महाभाग मी पाहिलेत.

२) दोन गोष्टींत गल्लत करू नका. एक, स्कोपचा क्रॉस जमिनीच्या हिशोबात उभा असणं. दोन, बंदुकीची नळी बरोबर स्कोपच्या खाली असणं. पहिलं जास्त महत्त्वाचं. क्रॉस उभा आहे पण बंदूक त्याच्याखाली ३ अंश फिरलेली आहे, असं धरा. स्कोप नळीच्या ५ सेंटीमीटर वर असेल तर नळी अडीच मिलिमीटर बाजूला गेली. २५ वर झिरो केलं तर ५० वर तेवढेच अडीच मिलिमीटर दुसऱ्या बाजूला. कमानीवाल्या बंदुकीच्या ग्रुपमध्ये ते दिसणारही नाही. क्रॉस मात्र ३ अंश कलला तर त्याच ५० वर त्याच्या तिपटीहून जास्त जाईल. लोक नेमकं उलटं करतात. स्कोप बंदुकीच्या रेलशी (स्कोप बसवायच्या खाचेशी) समांतर करण्यात दिवस घालवतात आणि क्रॉस उभा आहे का, ते बघतच नाहीत.

३) बुडबुड्याची काच आतून किंचित धनुष्यासारखी असते, बुडबुडा तिच्यातल्या सगळ्यात उंच जागी जातो. बाक जास्त असेल तर बुडबुडा चटकन थांबतो, पण अर्धा-एक अंश दाखवत नाही. बाक कमी असेल तर बारीक कल दाखवतो, पण थांबता थांबत नाही. स्कोपवरच्या लेव्हल मधल्या असतात. आत पाणी नसतं, अल्कोहोलसारखा द्रव असतो. म्हणून इंग्रजीत ‘स्पिरिट’ लेव्हल. १६६१ च्या सुमारास मेलशिसेदेक तेवनो या फ्रेंच गृहस्थानं ही युक्ती काढली, दारू प्यायची सोडून काचेत भरली.

आपल्याकडचा खास मुद्दा: मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा गेला की आतला द्रव फुगतो आणि बुडबुडा लहान होतो. लेव्हल बिघडली असं समजून परत पाठवू नका. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आहे का, तेवढंच बघा. रेघांना टेकतो का, हे बघू नका. थंडीत तोच मोठा होतो.


धुऱ्यावरचा
मंगळवार, सकाळी ११.३०

नागपूरवाले एका मुद्द्याले तीन पॅरेग्राफ लिहितात, पण ज्ञान पक्कं.


विहिरीकाठी
मंगळवार, दुपारी ३.०५

मी नवीन आहे. एक बाळबोध प्रश्न. नेम धरताना क्रॉस बघू की बुडबुडा? दोन्हीकडे बघायला गेलं की काहीच होत नाही. आणि डावा डोळा मिटला की बुडबुडा दिसतच नाही.


निवृत्त_पीटी_सर
मंगळवार, सायंकाळी ५.३०

बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. आधी बुडबुडा, मग क्रॉस, मग ट्रिगर. श्वास अर्धा सोडून थांबताना एकदा बुडबुड्याकडे नजर टाकायची, त्यानंतर त्याला विसरायचं. तीन-चार सेकंदांत बंदूक आपोआप पाच अंश फिरत नाही. फिरत असेल तर दोष पकडीत आहे.

डावा डोळा मिटू नका. उघडा ठेवला की बाजूला आलेला बुडबुडा त्या डोळ्याने टिपता येतो. म्हणून उजव्या खांद्याने मारणाऱ्यांनी लेव्हल डावीकडे बाहेर येईल अशी लावावी. सुरुवातीला डोकं दुखतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं रिकाम्या बंदुकीवर नुसता नेम धरा, छर्रा न भरता. (कमानीवाली असेल तर कमान चढवून रिकामा ट्रिगर ओढू नका, आतल्या दट्ट्याची वाटी फुटते. कमान न चढवता नुसता नेम धरायचा.)

आणि हो, कमानीवाली बंदूक आवळून धरू नका. ती पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते. हलक्या हातावर झुलू द्या. पुढचा हात दरवेळी त्याच जागी. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवलीत तर झिरो वेगळाच येईल, मग लेव्हलला दोष द्याल.


वऱ्हाडी_ठोका
मंगळवार, रात्री १०.१२

एवढं सगळं कशाले? मी पंधरा वर्सं झाले एअरगन मारतो, १५ मीटरवर आगपेटी ठेवून. कधी बुडबुडा लावला नाही, कधी चुकलो नाही.


रेंजवरची
मंगळवार, रात्री १०.३०

१५ मीटरवर छर्रा जेमतेम दोन सेंटीमीटर पडतो. ५ अंशांनी दोन मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. आगपेटी साडेतीन-चार सेंटीमीटर रुंद. तुम्हाला खरंच लेव्हलची गरज नाही, हे मी मनापासून म्हणतेय. तीच आगपेटी ५० वर ठेवा आणि इथे कळवा.


वऱ्हाडी_ठोका
मंगळवार, रात्री १०.३४

पन्नासवर आगपेटी दिसनच नाही मले. चश्मा लागला.


संत्रावाला
रविवार, दुपारी १२.२०

मंडळी, आठवडाभर गप्प होतो कारण आंबिया बहाराच्या फवारणीत अडकलो होतो. आज सकाळी सगळं केलं. तपशिलानं लिहितो, कोणाला पुढं कामी येईल.

ओळंबा शेजारच्या काकांकडून आणला, त्यांच्या घराचं काम चालू आहे. पितळी, जुना, हातात घेतला तरी वजन कळतं. दोन बांबू, आडवी काठी, खाली फवारणीची बादली. दोरी म्हणून भाचीच्या पतंगाचा मांजा बांधला होता, तो २५ मीटरवरून दिसेचना. मग बैलाच्या दाव्याचा पांढरा सुतळीसारखा दोर लावला.

लेव्हलला हात लावण्याआधी जुनीच सेटिंग तपासली. बुडबुडा मध्ये ठेवला आणि दोरीकडे पाहिलं. क्रॉसची उभी रेघ दोरीला चक्क छेदून जात होती. वरचं टोक उजवीकडे. एवढं उघड दिसत होतं की लाज वाटली. महिनाभर मी त्याच क्रॉसमधून बघत होतो, पण बाजूला सरळ म्हणावं असं काही नव्हतंच ना. नाला वाकडा, ढिगारा वाकडा, बाभळी तर विचारूच नका.

मग ताई म्हणतात तसं गणित खरं आहे का, म्हणून एक प्रयोग केला. २५ वर दोरीच्या रेषेत कागदावर उभी रेघ आखली, तिच्या खालच्या टोकाला ठिपका काढला, त्यावर पाच छर्रे मारले. मग एलिव्हेशनचे (वर-खालच्या नॉबचे) ८० क्लिक वर, पाव मिनिटाचा एक क्लिक (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग), आणि नेम पुन्हा त्याच खालच्या ठिपक्यावर. ८० क्लिकचे २५ मीटरवर साडेचौदा सेंटीमीटर व्हायला हवेत, झाले. पण रेघेवर नाही. रेघेच्या उजवीकडे १.२ सेंटीमीटर. कोन काढला तर पावणेपाच अंश! कॅमेऱ्याची फुगवटी मोजायलाच नको.

मग मिस्त्री काकांच्या पद्धतीनं लेव्हल बसवली. एकदा आवळताना फिरली, पुन्हा केली. विंडेज तीन क्लिक उलटं फिरवून २५ परत झिरो केलं. ८० क्लिकची परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी वरचे पाच रेघेला बिलगून.

५० वर वीस छर्रे. ग्रुप लिंबाएवढाच आहे, लहान झालेला नाही. पण लिंबू आता मध्ये आलं. शेवटचे चार डावीकडे गेले, तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि वारा सुटला होता. धुऱ्यावरचे भाऊ, ते चार तुमच्या नावावर.


धुऱ्यावरचा
रविवार, दुपारी १२.४१

चारच? मले वाटलं वीसच्या वीस वाऱ्यानं नेले असतीन.


मिस्त्री_परतवाडा
रविवार, रात्री ८.०५

चांगलं झालं. ओळंबा काकाले परत देला काय? घराचं काम चालू असताना कारागिराचा ओळंबा उचलून नेणं बरं नाही, तिकडं भिंत तिरपी चढून रायली असन.


संत्रावाला
रविवार, रात्री ८.१७

काका, दुपारीच दिला. त्यांचा कारागीर ओट्यावर बसून बिडी ओढत माझीच वाट पाहत होता. अर्ध्या दिवसाची मजुरी मी दिली.